डिस्क ब्रेकच्या सायकलला पूर्ण लांबीचे मडगार्ड: आधी कॅलिपर, मग बाकीचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. रोज कामावर जायची सायकल, ७०० बाय ३८ टायर, पुढे-मागे डिस्क ब्रेक. पूर्ण लांबीचे मडगार्ड आणले, पण पुढची डावी काडी (मडगार्डला ॲक्सलजवळ धरणारी तार) ब्रेकच्या कॅलिपरवर (चाकासोबत फिरणारी डिस्क चिमटीत दाबणाऱ्या भागावर) अडते. दाबून वाकवून बसवली तर मडगार्ड डावीकडे ओढले जाते आणि टायर घासतो. मागे काडी ब्रेकच्या नळीला टेकते. मडगार्डच बदलावे का?

बहुतेक वेळा बदलावे लागत नाही. अडचण मडगार्डात नसते, बसवण्याच्या क्रमात असते. साध्या ब्रेकच्या सायकलला मडगार्ड बसवताना आपण वरून सुरुवात करतो: फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दुपायी भागाच्या) माथ्याला बोल्ट, मग काड्या. डिस्कच्या सायकलला हा क्रम उलटा करावा लागतो. कॅलिपर हलत नाही आणि हलवूही नये. म्हणून त्याच्या बाजूची काडी आधी जमवायची आणि उरलेले सगळे तिच्याप्रमाणे बसवायचे. दुसरी गोष्ट, काडीचे काम मडगार्डला जागेवर धरण्याचे आहे, ढकलण्याचे किंवा ओढण्याचे नाही. काड्या सुटलेल्या असतानाही मडगार्ड जवळपास योग्य जागी उभे राहिले पाहिजे. ताण देऊन बसवलेले मडगार्ड आज गप्प बसेल, पण काही महिन्यांत ब्रॅकेटपाशी किंवा रिव्हेटपाशी तडकेल.

आधी मोजमाप

टायरवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. हवा भरून टायरची खरी रुंदी व्हर्निअर कॅलिपरने मोजा. रिम रुंद असेल तर ३८ लिहिलेला टायर ४० मिमीही भरतो. मडगार्डची रुंदी टायरच्या खऱ्या रुंदीपेक्षा किमान ८ ते १० मिमी जास्त हवी. ३८ च्या टायरला ४५ मिमीचे मडगार्ड चालते असे सांगितले जाते. ते बसते खरे, पण कडेने पाणी उडत राहते. ५० ते ५३ मिमीचे घ्या.

चाकाच्या मापात गोंधळ सहज होतो. ७०० सी म्हणजे रिमचा व्यास ६२२ मिमी, २७.५ इंच म्हणजे ५८४, २६ इंच म्हणजे ५५९, आणि जुन्या पद्धतीच्या २८ बाय दीड इंची चाकाचा ६३५. मडगार्डची वक्रता चाकाप्रमाणे असते. ६२२ चे मडगार्ड ५५९ च्या चाकावर बसवले तर दोन्ही टोके टायरपासून लांब फाकलेली राहतात, आणि काड्यांनी ती आत ओढली की ताण आलाच.

यानंतर सर्वात महत्त्वाचे माप: टायरच्या माथ्यापासून फोर्कच्या माथ्याच्या खालच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर. मडगार्डची जाडी आणि ब्रॅकेट मिळून सुमारे २ ते ३ मिमी, आत येणारे बोल्टचे डोके ३ ते ४ मिमी, आणि टायरला मोकळी जागा किमान ८ ते १० मिमी. बेरीज १५-१६ मिमीच्या आसपास जाते. इथे १२ मिमीच असतील तर हट्ट करू नका, टायर एक माप अरुंद घ्या. मागे सीट-स्टेमधल्या (सीटखालून मागच्या ॲक्सलकडे येणाऱ्या दोन नळ्यांमधल्या) पुलाशी आणि चेन-स्टेमधल्या (पेडलपासून मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या दोन नळ्यांमधल्या) पुलाशीही हेच मोजा.

आत येणारा बोल्ट चपट्या गोल डोक्याचा घ्या, डोके टायरकडे आणि नट बाहेर. उलट केले तर बोल्टचे टोक टायरकडे सुळ्यासारखे राहते.

पुढची डावी बाजू

बहुतेक सायकलींत पुढचा कॅलिपर फोर्कच्या डाव्या पायाच्या मागे असतो. मडगार्डची काडी ॲक्सलजवळच्या आयलेटमधून निघून मागे-वर जाते, म्हणजे नेमकी कॅलिपरच्या अंगावरून. आयलेट म्हणजे फोर्कवर आटे पाडलेले छोटे छिद्र. ते साधारणपणे एम-५ (५ मिमी व्यासाच्या बोल्टचे) असते, आट्यांचे अंतर ०.८ मिमी.

फोर्क नीट बघा. अनेक फोर्कांना आणखी एक आयलेट कॅलिपरच्या वर, पायाच्या मधोमध असतो. तो असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. डावी-उजवी दोन्ही काडी त्याच उंचीवरून घ्या, वरून किती लांबी लागते ते बघा आणि जास्तीची कापा. एका बाजूला खालचा आणि दुसऱ्या बाजूला वरचा आयलेट वापरू नका, मडगार्ड पिळले जाते.

आयलेट खालीच असेल तर स्पेसर लागतो. स्पेसर म्हणजे धातूची छोटी नळी, आतून साडेपाच मिमीपर्यंत, बाहेरून १० मिमीच्या आसपास. ती आयलेट आणि काडी यांच्या मध्ये बसवून काडी बाहेर आणायची. किती बाहेर? काडी आयलेटवर नुसती धरा आणि कॅलिपरचा सर्वात बाहेर आलेला भाग काडीच्या रेषेपासून किती पुढे येतो ते मोजा. त्यात ४-५ मिमी मोकळी जागा आणि काडीची अर्धी जाडी मिळवा. बहुधा उत्तर १० ते २० मिमीच्या दरम्यान येते. १५ च्या पुढे गेले तर नुसत्या स्पेसरवर भागवू नका, काडीला बाकही द्या.

स्पेसर स्टीलचा किंवा ॲल्युमिनियमचा घ्या. नायलॉनचा दाबाखाली हळूहळू बसतो आणि बोल्ट सैल पडतो. वॉशरची चळत रचूनही काम होते, पण ती घसरून वेडीवाकडी होते. एकसंध नळी केव्हाही चांगली.

बोल्टची लांबी अंदाजाने घेऊ नका, बेरीज करा. स्पेसर १५ मिमी, काडीचे डोळे (बोल्ट जाते ती टोकाची कडी) ४ मिमी, दोन वॉशर मिळून २, आयलेटमध्ये आट्यांची पकड ८. एकूण २९, म्हणजे एम-५ चा ३० मिमी बोल्ट. ॲल्युमिनियमच्या आयलेटमध्ये पकड बोल्टच्या व्यासाच्या दीडपट, म्हणजे साडेसात-आठ मिमी असावी. तीन आट्यांवर लटकलेला बोल्ट पहिल्याच खड्ड्यांच्या रस्त्यावर आयलेटचे आटे घेऊन बाहेर येतो, आणि आयलेट दुरुस्त करणे हे मडगार्डपेक्षा मोठे काम आहे. स्पेसर नसलेल्या उजव्या बाजूला १२ ते १५ मिमीचा बोल्ट पुरतो.

आता मडगार्ड डावीकडे का ओढले जाते ते बघू, कारण मूळ तक्रार हीच आहे. डावी काडी १५ मिमी बाहेरून निघाली की तिला मडगार्डपर्यंत जरा जास्त तिरके यावे लागते. आयलेटपासून मडगार्डपर्यंतचे अंतर ३४० मिमीच्या आसपास धरले तर डावी काडी उजवीपेक्षा सुमारे २ मिमी लांब लागते. दोन्ही पाय समान लांबीचे ठेवले की मडगार्ड तेवढेच डावीकडे आणि खाली खेचले जाते. दोन मिमी ऐकायला किरकोळ, पण ५० मिमीच्या मडगार्डात ३८-४० चा टायर असताना प्रत्येक बाजूला जेमतेम ५-६ मिमीच असतात. म्हणून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा आणि वेगवेगळ्या कापा.

दुसरे कारण दाबून वाकवणे. काडी आयलेटवर घट्ट असताना हाताने बाहेर ढकलली तर ती स्प्रिंगसारखी वागते. थोडी वाकते, बरीच परत येते, आणि उरलेला ताण मडगार्डवर टाकते. शिवाय त्या वेळी तुम्ही आयलेटलाच तरफ लावत असता. बाक द्यायचा तर काडी काढून व्हाइसमध्ये द्या. दोन बाक लागतात: पहिला बाहेर, दुसरा परत मूळ दिशेला, जेणेकरून काडी कॅलिपरच्या बाजूने समांतर जाऊन पुढे सरळ होते. बाकाच्या दोन्ही जागा आधी मार्करने खुणा करा. काडीवर लोखंडी नळी सरकवून वाकवली तर बाक हवा तिथेच पडतो. कोपरा टोकदार नको, बाकाची त्रिज्या काडीच्या जाडीच्या तिप्पट तरी ठेवा. एकदा दिलेला बाक सरळ करून पुन्हा वाकवू नका. स्टेनलेस स्टील वाकवल्याने कडक होते आणि तिसऱ्या फेरीत तिथेच तुटते.

स्पेसर आणि बाक यांत निवड करायची तर १५ मिमीपर्यंत स्पेसर, त्यापुढे छोटा स्पेसर आणि बाक दोन्ही. लांब बोल्टच्या टोकाला काडी धरली की प्रत्येक धक्क्याला बोल्ट आयलेटला तरफेसारखा पिळतो. नुसत्या मडगार्डचे वजन कमी म्हणून हे चालते. त्याच बोल्टवर कॅरिअर लावायचा असेल तर अजिबात चालणार नाही.

फोर्कला आयलेटच नसेल तर रबराचे अस्तर असलेली क्लॅम्प-पट्टी फोर्कच्या पायाला लावता येते, पायाच्या व्यासाला नेमकी बसेल अशा मापाची. ही सोय फक्त स्टील किंवा ॲल्युमिनियमच्या फोर्कसाठी आहे. कार्बन फोर्कला पट्टी आवळू नका, आणि कोणत्याही फोर्कला भोक पाडू नका.

कॅलिपर धरणाऱ्या बोल्टखाली काडी अडकवण्याचा सल्लाही दिला जातो. तो मानू नका. त्या बोल्टवर ब्रेकचा सगळा जोर येतो. मध्ये काडीचे डोळे घातले की कॅलिपर नीट टेकत नाही, बोल्टची पकड कमी होते आणि मडगार्डची थरथर ब्रेकपर्यंत जाते.

काडी जमली की तीन तपासण्या. पहिली: केबलने चालणारा डिस्क ब्रेक असेल तर त्याच्या कॅलिपरला एक हलणारा दांडा असतो. ब्रेक पूर्ण दाबून तो काडीला लागत नाही ना ते बघा. पॅड झिजतात तसा हा दांडा जास्त फिरतो, म्हणून नव्या पॅडवर दोन मिमीची फट दिसत असेल तर ती पुढे उरणार नाही. किमान ५-६ मिमी सोडा. दुसरी: पॅड जवळ आणायचा स्क्रू, पॅडची पिन आणि कॅलिपरचे दोन्ही बोल्ट यांच्यापर्यंत ॲलन की सरळ पोचली पाहिजे. पॅड बदलायला दर वेळी मडगार्ड सोडावे लागले तर पॅड बदलणे लांबणीवर पडते, आणि ते धोक्याचे आहे. तिसरी: चाक क्विक-रिलीजचे (दांडा उघडून हाताने सुटणारे) असेल तर त्याचा दांडा काडीला न अडता पूर्ण मिटला पाहिजे. पुढच्या डिस्क ब्रेकचा जोर ॲक्सलला ड्रॉपआउटमधून (फोर्कच्या टोकाच्या, ॲक्सल बसते त्या खाचेतून) बाहेर ढकलू पाहतो. अर्धवट मिटलेला दांडा रिम ब्रेकवरही चूकच, डिस्कवर तर त्याने चाक सुटू शकते.

डिस्कपासून काडी किमान १० मिमी दूर ठेवा, हाताने हलवून बघितल्यावरही. लांब उतारावर डिस्क इतकी तापते की तिला टेकलेला केबल टाय किंवा प्लॅस्टिकचे टोक वितळते. आणि पुढे कधी १६० ची डिस्क बदलून १८० ची लावणार असाल तर आत्ताच जास्त जागा सोडा. मोठ्या डिस्कसाठी अडॅप्टर लागतो आणि कॅलिपर आणखी दूर सरकतो.

मागची बाजू

मागे आधी कॅलिपर कुठे आहे ते बघा. चेन-स्टेवर, म्हणजे दोन नळ्यांच्या कोनात असेल तर काडी मागच्या दिशेने निघते आणि त्याच्या वाटेला जात नाही. सीट-स्टेच्या वर किंवा मागे असेल तर पुढच्यासारखाच स्पेसरचा उपाय, फक्त डावीकडे.

नळी काडीला टेकते, ही तक्रार साध्या फेरमांडणीने सुटते. नळी सीट-स्टे किंवा चेन-स्टेच्या आतल्या अंगाने केबल टायने बांधा, कॅलिपरपाशी तिला सैल वळण ठेवा आणि काडी नळीच्या बाहेरून न्या. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकच्या नळीचा कोनात मोड होता कामा नये. टेकणे टळतच नसेल तर त्या जागी जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून नळी आणि काडी एकत्र बांधा. दोन्ही एकत्र हलल्या तर झिजत नाहीत. सैल टेकलेली काडी मात्र काही महिन्यांत नळीचे वरचे आवरण खरवडून टाकते.

मागची उजवी बाजू डिस्कची नाही, पण सर्वात घातक चूक तिथेच होते. आयलेटमधून आत डोकावणारे बोल्टचे टोक कॅसेटच्या (मागच्या दातेरी चाकांच्या संचाच्या) सर्वात लहान चाकावरच्या चेनला लागते. चेन सर्वात लहान चाकावर आणून चाक फिरवा आणि टोक आणि चेन यांत किमान ३ मिमी फट आहे का ते बघा. गिअर बदलताना चेन क्षणभर बाहेर उसळते, म्हणून नुसती लागत नाही एवढे पुरेसे नाही. टोक जास्त असेल तर बोल्ट कापा किंवा बाहेरून वॉशर घाला. सोबत आलेला बोल्ट सरसकट पुरेसा असेल असे धरून चालू नका.

कॅरिअरही असेल आणि आयलेट एकच असेल तर कॅरिअर आत, फ्रेमला चिकटून. मडगार्डची काडी बाहेर. वजन ज्यावर येते ते फ्रेमच्या जवळ राहिले पाहिजे. दोन वेगळे आयलेट असतील तर दोन्ही वापरा.

चेन-स्टेच्या पुलापाशी मडगार्ड आणि पूल यांत बऱ्याचदा मोठी फट असते. बोल्ट आवळून मडगार्ड पुलाकडे ओढले तर वरची सगळी वक्रता बिघडते. फटीएवढा स्पेसर घाला. बुचाचा तुकडा भोक पाडून घातला तरी उत्तम चालतो, तो थरथरही शोषतो. पुलाला छिद्रच नसेल तर मडगार्डला दोन बारीक भोके पाडून केबल टायने बांधा. पुढे दोन चेनव्हील असतील तर डिरेलर (चेन एका चेनव्हीलवरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग) सर्वात आतल्या गिअरवर आणून त्याची पट्टी मडगार्डच्या कडेला लागते का ते बघा. लागत असेल तर मडगार्डची तेवढी कड कानशीने कमी करा.

मडगार्ड कुठवर यावे

पाण्याचा थेंब टायरवरून स्पर्शरेषेच्या दिशेने सुटतो. चाकाचा मागचा भाग वर चढत असतो. ॲक्सलच्या उंचीवर मागे सुटलेला थेंब सायकलच्या हिशोबाने सरळ वर जातो, त्याखाली सुटलेला मागे-वर. म्हणून मागचे मडगार्ड ॲक्सलच्या उंचीपर्यंत आले तरी पाठ कोरडी राहते. त्याहून खाली आले तर मागून येणाऱ्याचे तोंड वाचते.

पुढच्या चाकाचे गणित जास्त कडक आहे. जमिनीजवळ सुटलेले थेंब कमी कोनात मागे येतात आणि थेट पावलांवर, चेनवर आणि पेडलच्या बेअरिंगवर आदळतात. ३४० मिमी त्रिज्येच्या चाकाला मडगार्डचे खालचे टोक जमिनीपासून १० सेंमीवर असेल तर त्याखालून सुटणारे थेंब ४५ अंशांपर्यंतच्या कोनात वर येतात आणि पेडलपाशी पोचेपर्यंत जवळपास ४५ सेंमी उंच जातात. म्हणजे नडगी भिजली. टोक ५ सेंमीवर आणले तर कोन ३० अंशांच्या आसपास उतरतो आणि पाणी पेडलच्या ॲक्सलच्या उंचीपर्यंतच येते. शेवटचे हे काही सेंटिमीटरच पाय कोरडे ठेवतात. बाजारात मिळणारे पुढचे मडगार्ड बहुधा इतके खाली येत नाही, म्हणून लवचिक रबराचा किंवा जाड प्लॅस्टिकचा फ्लॅप जोडा: मडगार्डपेक्षा थोडा रुंद, जमिनीपासून ५ ते ७ सेंमी. तो मऊच हवा. पायरीला किंवा गतिरोधकाला लागला तर वाकून परत आला पाहिजे.

पुढच्या मडगार्डचे पुढचे टोक फोर्कच्या पुढे १०-१५ सेंमी तरी हवे, नाहीतर पुढे उडालेले पाणी वाऱ्याने तोंडावर येते.

टायर आणि मडगार्ड यांतील फट सगळीकडे सारखी, १० ते १५ मिमी ठेवा. डोळ्यांना सुंदर दिसते म्हणून ५ मिमीवर आणू नका. पुढच्या चाकात एक जास्तीचा विचार करा: टायरला चिकटलेला खडा किंवा काटकी मडगार्डच्या खालच्या टोकातून आत शिरते आणि फोर्कच्या माथ्याकडे जाते. खालची फट मोठी आणि वरची लहान असेल तर ते नरसाळे होते, आत आलेले वर अडकते. खालची फट वरच्याएवढी किंवा थोडी कमीच ठेवा.

पुढच्या काडीची सुटणारी क्लिप

काटकी टायर आणि मडगार्डच्या मध्ये अडकली की टायर तिला आणि मडगार्डला सोबत वर ओढतो. काड्या भक्कम असतील तर मडगार्ड फोर्कच्या माथ्याखाली दुमडते, पुढचे चाक जागच्या जागी थांबते आणि चालवणारा हँडलवरून पुढे फेकला जातो. यासाठी चांगल्या संचात पुढच्या काड्यांना झटका बसताच सुटणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिप असतात. काडी सुटते, मडगार्ड मागे उघडते, चाक फिरत राहते. स्पेसर आणि लांब बोल्ट लावताना या क्लिप काढून थेट बोल्ट लावण्याचा मोह होतो. तसे करू नका. क्लिप स्पेसरच्या बाहेरच्या टोकाला लावा, आणि एका बाजूला लावली तर दुसऱ्या बाजूलाही लावा. लावून झाल्यावर दोन्ही बाजू हाताने जोरात ओढून खरोखर सुटतात का ते एकदा पाहा, आणि परत दाबून बसवा. त्या केबल टायने बांधून टाकल्या तर त्यांचा उपयोगच गेला.

सस्पेन्शन फोर्क असेल तर आणखी एक नियम. चाक फोर्कच्या खालच्या नळ्यांसोबत वर-खाली होते. मडगार्डचे सगळे आधार त्या खालच्या भागावरच हवेत. एक आधार वरच्या माथ्यावर आणि काड्या खाली, असे बसवले तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात मडगार्ड चाकात दाबले जाईल.

प्रत्यक्ष बसवताना

चाके काढा. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर कॅलिपरच्या पॅडमध्ये लगेच प्लॅस्टिकचा ठोकळा किंवा घडी घातलेला जाड पुठ्ठा घाला. चाक नसताना चुकून ब्रेक दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात आणि डिस्क परत आत जात नाही. कॅलिपरवर स्वच्छ फडके बांधा. जवळ कुठेही तेलाचा स्प्रे वापरू नका. डिस्कवर किंवा पॅडवर तेलाचा अंश गेला की ब्रेक किंचाळतो आणि पकड जाते. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून साफ होते, तेल प्यालेले पॅड मात्र बहुधा टाकूनच द्यावे लागतात.

आयलेटमधला रंग आणि गंज आधी हाताने बोल्ट फिरवून किंवा एम-५ च्या टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) साफ करा. चाके परत लावा, डावी काडी स्पेसरसह बोटांनी घट्ट करा, मग उजवी, मग माथ्याचा किंवा पुलाचा बोल्ट. सगळे सैलच. फट सारखी ठेवायला १२ मिमीच्या जाडीच्या रबरी नळीचे तीन-चार तुकडे टायर आणि मडगार्डच्या मध्ये घाला, मडगार्ड त्यांवर आपोआप बसते. सायकलमागे उभे राहून मडगार्ड टायरच्या मध्यावर आहे का ते बघा, आणि मगच काड्यांची जोडणी क्रमाने आवळा. माथ्याचा बोल्ट सर्वात शेवटी. तो आवळताना मडगार्ड जागचे हलले तर तिथे स्पेसर कमी आहे किंवा जास्त आहे. काड्या ताणून ते लपवू नका.

जास्तीच्या काडीवर खूण करा, जोडणीच्या बाहेर २-३ मिमी सोडून. मग काडी काढून सायकलपासून लांब हॅकसॉने कापा. साध्या पकडीने स्टेनलेस काडी कापायला गेलात तर पकडीचे तोंड जाते, काडी चेपते आणि परत जोडणीत शिरत नाही. सायकलवरच कापली तर लोखंडाचा कीस पॅडमध्ये रुततो आणि डिस्कवर रेघा ओढतो. टोक कानशीने गोल करा, रबरी टोपी लावा.

एम-५ च्या बोल्टना ४ ते ५ न्यूटन-मीटर पुरे. ॲल्युमिनियमच्या आयलेटमध्ये स्टीलचा बोल्ट कोरडा ठेवू नका, निळे म्हणजे मध्यम ताकदीचे थ्रेडलॉकर लावा. ते सैल पडू देत नाही आणि गंजून चिकटणेही रोखते. प्लॅस्टिकच्या मडगार्डला किंवा क्लिपला मात्र ते लागू देऊ नका, काही प्लॅस्टिक त्याने तडकतात. जिथे बोल्टला नट आहे तिथे नायलॉनचे कडे असलेला नट वापरा, तिथे थ्रेडलॉकरची गरजच नाही.

या सगळ्यात कॅलिपरचे बोल्ट सोडावे लागले असतील तर ब्रेक पुन्हा मध्यावर आणा: दोन्ही बोल्ट थोडे सैल, ब्रेक घट्ट दाबून धरा, दाबलेला असतानाच बोल्ट आळीपाळीने आवळा. बहुतेक कॅलिपरना ६ ते ८ न्यूटन-मीटर लागतात.

निघण्याआधी पेडल आडवे ठेवून हँडल पूर्ण वळवा आणि बुटाचे टोक मडगार्डला लागते का ते पाहा. मडगार्डमुळे चाक पुढच्या-मागच्या अंगाने दीड-दोन सेंटिमीटरने मोठे होते. वेगात हँडल इतके वळत नाही. पण रहदारीत अगदी हळू वळताना बूट अडकू शकतो, म्हणून निदान तो लागतो हे माहीत हवे.

आवाज

मडगार्डचा आणि डिस्कचा आवाज एकमेकांत मिसळतो आणि मग चुकीच्या जागी दुरुस्ती होते. चाक उचलून हाताने फिरवा. बारीक धातूचा 'श्श' फेरीत एकदाच येत असेल तर डिस्क किंचित वाकडी आहे, मडगार्डला हात लावू नका. जाड, रबरी खरखर असेल तर टायर मडगार्डला लागतो. फेरीत एकदा लागत असेल तर टायर रिमवर नीट बसलेला नाही, सतत लागत असेल तर मडगार्ड मध्यावर नाही. हात सोडून फिरवल्यावर शांत, पण ब्रेक दाबला की आवाज येतो, असे असेल तर फोर्कचा डावा पाय ब्रेकच्या जोराने मागे लवतो आणि काडी कॅलिपरला टेकते. तिथे आणखी ३-४ मिमीचा स्पेसर लागेल. उभे राहून पेडल मारतानाच मागे घासत असेल तर फ्रेम आणि चाक लवते, मागच्या मडगार्डची बाजूची फट वाढवा.

फक्त खड्ड्यातच होणारी खडखड बहुधा काडीची नसते, माथ्याच्या किंवा पुलाच्या बोल्टची असते. धातूवर धातू टेकतो तिथे चामड्याचे किंवा रबराचे वॉशर घाला. आणि पहिल्या ५०-१०० किमीनंतर सगळे बोल्ट एकदा परत तपासा. रंगाचा थर बसतो, स्पेसर जागा धरतात आणि नेमका स्पेसरचा डावा बोल्ट पाव-अर्धा फेरा सैल मिळतो.